परातीची चौथी बाजू

१

आमच्या घरी शुक्रवारचे कुसकुस, म्हणजे रव्याचे हाताने वळलेले दाणे, तीन वेळा वाफवले जाते. दोनदा वाफवून वाढणारी घरे आमच्या सेफ्रू गावात आता पुष्कळ झाली आहेत, एकदाच वाफवणारीही निघाली आहेत. त्यांच्याविषयी मी काही बोलत नाही. पहिल्या वाफेनंतर दाणे उपसून, थंड पाण्याचा हबका मारून, हाताने मोकळे करायचे. दुसऱ्या वाफेनंतर मीठ आणि जुने तूप. तिसऱ्या वाफेनंतर मातीच्या मोठ्या परातीत ढीग रचायचा, मध्ये मटण, वर सात भाज्या, आणि रस्सा इतकाच की दाणा भिजावा पण बुडू नये. माणसे मशिदीतून परतू लागली की परात मेजावर आलीच पाहिजे.

मेज गोल आणि बुटके आहे. मी भिंतीला पाठ लावून बसते. माझ्या उजव्या हाताला यामना बसते. ती तीस वर्षांपूर्वी डोंगरातून माझ्याकडे स्वयंपाकाला आली, नंतर विधवा झाली, नंतर घरचीच झाली. डावी बाजू पाहुण्यासाठी असते. समोरची, चौथी बाजू रिकामी असते. तिच्यामागे स्वयंपाकघराचे दार आहे, आणि दारातून तीन पायांचे बुटके स्टूल दिसते. यामना त्यावर बसून पीठ वळते.

परात एकच असली, तरी ती सगळी सगळ्यांची नसते. प्रत्येकाने आपल्यासमोरचे खावे. उजव्या हाताच्या बोटांनी दाणे ओढावेत, तळव्यात मुटका वळावा, अंगठ्याने तोंडात सारावा. दुसऱ्याच्या बाजूला हात नेऊ नये. घरातल्या मोठ्या माणसाने वाटल्याशिवाय मटणाला शिवू नये. हे नियम माझ्या वडिलांचे. मी चौतीस वर्षे मुलींच्या शाळेत व्याकरण शिकवले. पण घरात शिकवले ते हेच.

जेवण संपले की परातीत प्रत्येकाचा खळगा उरतो आणि खळग्यांच्या मध्ये दाण्यांच्या भिंती उभ्या राहतात. त्या खळग्यावरून माणूस ओळखता येतो. माझा खळगा अरुंद, तळापर्यंत स्वच्छ. यामनाचा रुंद, उथळ, कडेला सांडलेला.

“तुमची विहीर आहे, लल्ला,” यामना म्हणते. लल्ला ही आमच्याकडे थोरल्या बाईला मानाने मारायची हाक. “माझ्याकडं गाढव लोळून गेलंय.”

मी तिच्या भाषेत सुधारणा करणे सोडून दिले आहे. खळगा मात्र मी अजूनही दर शुक्रवारी तपासते. म्हणूनच ती गोष्ट माझ्या ध्यानात आली. दुसऱ्या कोणाच्या आली नसती.

२

इनास एप्रिलमध्ये आली. माझ्या धाकट्या बहिणीची, तामूची मुलगी. वय तिशीचे, जन्म ब्रसेल्सचा, पाठीवर तिच्याहून जड पिशवी. मी तिला पूर्वी कधी पाहिले नव्हते.

“मावशी, मी आईचा देश फिरायला आलेय,” ती म्हणाली. “दीड महिना आहे हातात. फेझ, मौले इद्रिस, वाळवंट, सगळं. मला इथली संस्कृती समजून घ्यायचीय.”

“संस्कृती फेझला मिळेल,” मी म्हणाले. “इथे घर आहे.”

“आणि घरात सलगम सोलायचे पडलेत,” यामना म्हणाली. “ये पोरी, तेवढी संस्कृती माझ्याकडं आहे.”

मुलगी हसली. तिने वही काढून तेही वाक्य लिहून घेतले. लिहिण्यासाठी तिने लेखणी डाव्या हातात धरली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

“आईने हात बदलायला लावला नाही?” मी विचारले.

“आईनं? तिनं मला एकच सांगितलंय. मावशीच्या परातीवर उजवा हात, नाहीतर जेवण स्वयंपाकघरात.” ती हे हसतच म्हणाली. नंतर तिने वही मिटली. “मावशी, आई आजारी आहे. इस्पितळातून ती आता घरी यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी इथे यायचं नाही म्हणत होते, तिनंच पाठवलं. तिला तुमच्याकडून एक गोष्ट हवीय.”

“कोणती?”

“शुक्रवारी, परात मेजावर असताना, तुम्ही तिला बोलवायचं. फोनवर. ‘तामू, ये, बस.’ एवढंच. बाकी काही नको म्हणाली.”

“ती तिकडे आणि परात इथे. बसणार कुठे?”

“हे मी तिला विचारलं नाही,” इनास म्हणाली.

मी पुढच्या आठवड्यात पाहू, असे सांगितले.

वाचकाला मागची हकिकत सांगणे प्राप्त आहे. ती मी जशी आहे तशी सांगते. तामू माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आई तिच्या जन्मानंतर वर्षभरात गेली, आणि तिला मी वाढवले. ती डावखुरी होती. वडील म्हणत, मोठी झाली की सुधारेल. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते, आणि आपोआप काही सुधारते यावर माझा विश्वास नव्हता. मी तिचे डावे मनगट लोकरीच्या दोऱ्याने कमरेशी बांधत असे. दोरा सुटला आणि डावा हात परातीत गेला की तिची बशी वेगळी होई, आणि ती बशी स्वयंपाकघरात, त्या तीन पायांच्या स्टुलावर. तिथून ती मला दिसे, मी तिला दिसे. घासागणिक ती विचारी, “लल्ला, बसू का?” मी विचारी, “कोणत्या हाताने?” ती उत्तर देत नसे. डावा हात मांडीखाली दडपून ती तशीच बसून राही.

हे एक-दोन दिवसांचे नव्हते. तामूने एकोणिसाव्या वर्षी परदेशात काम करणाऱ्या माणसाशी लग्न केले, तोपर्यंतचे होते. ती गेली त्याला त्रेचाळीस वर्षे झाली. जाताना तिने माझा निरोप घेतला नाही. पहिले पाऊल तिने उचलायला हवे होते, असे माझे मत होते.

३

पहिल्या शुक्रवारी आम्ही तिघी बसलो. इनास उजव्या हाताने खात होती. मुटका तिला वळता येत नव्हता, तो बोटांतून निसटे आणि ती दाणे गोळा करून पुन्हा वळे. यामना तिला दाखवत होती.

“दाबू नकोस, चिमणीचं पिल्लू आहे असं धर. हां. आता फेकू नकोस तोंडात, पिल्लू मरेल.”

मी मटणाचे तीन वाटे केले. ताक झाले, चहा झाला. यामना परात उचलण्यासाठी वाकली, आणि मी सवयीने खळगे पाहिले.

माझा होता. यामनाचा होता. इनासचा, उकरल्यासारखा, होता. आणि समोर, जिथे कोणी बसले नव्हते, तिथे चौथा होता.

तो लहान होता. चार-पाच घासांचा असेल. कड नीट होती.

“इनास,” मी म्हणाले, “दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नसतो.”

“मी नाही नेला, मावशी.”

“तिथे कोणी बसलेले नाही. तेव्हा जिचा हात तिथे गेला ती शेजारच्याच दोघींपैकी एक. यामना तीस वर्षांत चुकलेली नाही.”

मुलगी लाल झाली. “मी नाही नेला,” ती पुन्हा म्हणाली. तिचा चेहरा त्या वेळी अगदी तामूसारखा दिसला, आणि त्यामुळे माझा आवाज चढला. खोटे बोलणाऱ्या मुलीला मी शाळेत जे सांगत असे ते मी तिला सांगितले. ती उठून अंगणात गेली.

“लल्ला, भाजी घसरली असेल,” यामना म्हणाली. “भोपळा जड होता.”

“भोपळा घसरला तर ढीग ढासळतो. खळगा पडत नाही.”

“मग जिन्न असेल.” ती परात घेऊन निघाली. दारात थांबून म्हणाली, “पण जिन्न मीठ खात नाही म्हणतात, आणि मी मीठ मुठीनं घालते. माझ्या हातचं खाणारा जिन्न अजून जन्माला यायचाय.”

उरलेले कुसकुस नेहमीप्रमाणे तिने मशिदीच्या दाराशी बसणाऱ्या आंधळ्या कदूरकडे पोचवले. परात घासून भिंतीला टेकवून ठेवली.

४

दुसऱ्या शुक्रवारी इनास घरात नव्हती. ती वाळवंटाकडे गेली होती. तिथून तिने यामनाच्या फोनवर उंटाचे छायाचित्र पाठवले होते. “हा आमच्या दिरासारखा दिसतो,” यामनाने कळवले होते.

आम्ही दोघीच बसलो. मी मटण वाटले, आणि वाटून झाल्यावर पाहिले तर तीन वाटे केले होते. तिसरा तुकडा मी परत मध्ये ठेवला. यामनाने तो पाहिला.

त्या दिवशी मी परातीवरून नजर काढायची नाही, असे ठरवले होते. परीक्षेच्या वर्गावर लक्ष ठेवण्याची मला सवय आहे; समोर पाहत असतानाही कडेचे दिसते. समोरची बाजू सपाट, अखंड होती. वर गाजराचा एक लांब तुकडा आणि चण्याचे सहा दाणे. मी ते मोजले होते. यामना शेजारणीच्या सुनेविषयी बोलत होती, मी हुंकार देत होते, आणि पाहत होते.

यामनाने ताक ओतले. मी तिच्या हातून पेला घेतला. पेला घेताना त्याच्याकडे पाहावे लागते, तेवढाच वेळ.

रेती घसरावी तसा बारीक आवाज झाला.

चौथा खळगा पडला होता. मागच्या खेपेपेक्षा मोठा. गाजर कडेला सारून ठेवलेले, चण्यांपैकी दोन नव्हते. तामूला गाजर आवडत नसे. ही गोष्ट मला तेव्हा आठवली असे मी म्हणणार नाही. गाजर न आवडणारी माणसे पुष्कळ असतात.

“यामना, तू आत्ता समोर हात नेलास?”

“माझा हात भांड्यावर होता, लल्ला. तुम्हीच पेला घेतलात.”

मी उठले, मेजाला वळसा घातला, आणि त्या बाजूने, बसणाऱ्याच्या जागेवरून, खळग्याकडे पाहिले. उजव्या हाताने जेवणाऱ्याच्या खळग्याची डावी भिंत उभी राहते आणि उजवी उतरती होते, कारण हात उजवीकडून येतो आणि दाणे डावीकडे दाबून उचलतो. हे कोणाला शिकवावे लागत नाही. आमच्याकडच्या लहान मुलीलाही परात पाहून कळते.

या खळग्याची उजवी भिंत उभी होती.

मी डाव घेतला आणि त्याच्या पाठीने तो खळगा सारखा करून टाकला.

“आता कसं, काहीच नाही,” यामना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. “वाफ असेल, लल्ला. खालून रस्सा मुरला की वरचं बसतं.”

“होय,” मी म्हणाले. “तेच असणार.” आणि तसे असू शकते, हे मी आजही मान्य करीन. ढिगाखाली पोकळी राहिली, रस्सा एका बाजूला उतरला, दाणे बसले. उभी भिंत उजवीकडे पडणे हा योगायोग. चणे दोन मीच कमी मोजले असतील. मी आयुष्यात मोजणीत चुकलेली नाही, एवढीच या स्पष्टीकरणातली अडचण होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ते स्टूल दारापासून दोन वीत पुढे आलेले होते. यामना ते हलवते. तिला विचारण्याचे मी टाळले.

५

इनास गुरुवारी परत आली. तिची कातडी रापली होती आणि डोळे सुजलेले होते. मी मागच्या शुक्रवारचे तिला सांगितले नाही. तिच्यावर घेतलेला आळ खोटा होता, हे मला आता ठाऊक होते. तिची क्षमा मागणे उचित झाले असते. मी तिच्यासाठी बदाम भाजायला सांगितले.

“मावशी, उद्या कराच फोन,” ती म्हणाली. “आईला आता नीट बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, पुढचा शुक्रवार धरून चालू नका.”

“ती स्वतः बोलेल?”

“बोलेल. बुधवारपासून ती त्यासाठीच दम राखून ठेवतेय.”

शुक्रवारी परात आली, वाफ निघत होती. इनासने फोन ताकाच्या चंबूला टेकवून समोरच्या बाजूला, माझ्याकडे तोंड करून ठेवला. दवाखान्यातल्या यंत्राची टिकटिक आणि कोणाचा तरी श्वास एवढेच ऐकू येत होते. त्यातून तामूला ओळखणे शक्य नव्हते.

“आई, मावशी इथेच आहे,” इनास म्हणाली. “परात समोर आहे. बोल.”

श्वास थांबला. पुन्हा सुरू झाला. यामनाने डोक्यावरच्या रुमालाचे टोक तोंडाशी धरले होते. मी तयार होते. तीन शब्द मी मनात जुळवून ठेवले होते, सकाळपासून त्यांची उजळणी केली होती. ते मी उच्चारणार होते. यावर कोणी विश्वास ठेवो अथवा न ठेवो.

“लल्ला,” फोनमधून आवाज आला. साठीच्या बाईचा, फाटलेला. “लल्ला, बसू का?”

“कोणत्या हाताने?” मी म्हणाले.

मी हे ठरवून म्हटले नाही. मागे शेकडो वेळा म्हटलेले वाक्य जिथे बसायचे तिथे आपोआप बसले.

मग, मला वाटते, ती हसली, किंवा खोकली. फोन बंद झाला. इनासने पुन्हा लावला, पुन्हा लावला. कोणी उचलला नाही.

यामना म्हणाली, “लल्ला, हे काय केलंत.”

मी परातीकडे पाहिले. त्या दिवशी समोर खळगा पडला नाही. समोरची बाजू जेवण संपेपर्यंत सपाट राहिली. वाफेने ओलसर झालेल्या मेजावर फोन उभा होता तेवढी एक कोरडी रेघ होती.

६

तामू बुधवारी सकाळी गेली. इनास त्याच दिवशी निघाली. दाराशी टॅक्सी उभी होती आणि यामना तिच्या पिशवीत बदाम आणि भाकरी कोंबत होती.

“तुझा दीड महिना पुरा झाला नाही,” मी म्हणाले.

“मला हवं होतं ते कळलं, मावशी.” तिने वही उघडून दाखवली. पहिले पान फाडलेले होते. “त्यावर लिहिलं होतं, की इथे उंबऱ्यात आलेल्याला आधी बसायला जागा देतात. ते मी फाडलं.”

“ते खरे आहे,” मी म्हणाले. “आमच्याकडे तसेच आहे.”

“असेल,” ती म्हणाली. “फेझला असेल.”

तिने यामनाच्या गालाला गाल लावला, आणि माझा उजवा हात उचलून आदराने कपाळाला टेकवला. खाली आणताना तो तिने अर्ध्यातच सोडला. हात खाली आला तेव्हा मला तो जड वाटला. हे मी नंतर डॉक्टरांना सांगितले. त्यांनी लिहून घेतले.

७

तिसऱ्या दिवशी मृताच्या नावाने कुसकुस करून वाटतात. तो शुक्रवारच होता. यामनाने पहाटेपासून ते वळले, तीन वेळा वाफवले, आणि पहिली परात भरून आंधळ्या कदूरला आणि मशिदीच्या पायरीवरच्या बाकीच्यांना द्यायला निघाली.

“तुम्ही सुरू करा, लल्ला. माझी वाट पाहू नका.”

बाहेर दुपारचे ऊन होते, अंगणातल्या फरशा तापून पांढऱ्या दिसत होत्या. घरात मी एकटी होते आणि समोर दुसरी परात. मी मटण वाटले. एक वाटा यामनाचा, एक माझा, आणि एक समोर ठेवला. जाणूनबुजून ठेवला. मग जे मागच्या शुक्रवारी म्हणायचे राहिले ते मी म्हटले.

“तामू, ये. बस.”

स्वयंपाकघरात स्टुलाचा पाय फरशीवर घासला.

मला उठता आले असते. मी उठले नाही. मांजर असेल, असे मी मनाशी म्हणाले. आमच्याकडे मांजर नाही, हेही मी मनाशी म्हणाले. मी परातीच्या समोरच्या कडेवर नजर ठेवली आणि तिच्यापलीकडे पाहिले नाही.

कडेवरून हात आला.

तो लहान मुलीचा नव्हता. मी मुलीच्या हाताची तयारी केली होती. हा म्हाताऱ्या बाईचा हात होता, माझ्या हातासारखाच, सांध्यांशी वाकलेला. पंज्याच्या पाठीवर सुईची जागा निळी-काळी झाली होती आणि चिकटपट्टीचा तुकडा अजून तिथे होता. मनगटाभोवती लोकरीच्या दोऱ्याचा वळ होता. तो हात डावा होता. समोर ठेवलेल्या तुकड्याला त्याने स्पर्श केला नाही. तो दाण्यांवरून, मधल्या भाज्यांवरून, सावकाश पुढे आला, माझ्या बाजूला आला, आणि माझ्या खळग्यातून बोटे भरून दाणे ओढू लागला.

दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नसतो.

मी त्या हातावर चापट मारली.

वर्गात मी जशी मारत असे तशीच. जोराने नव्हे, पण नेमकी. माझ्या बोटांना काय लागले ते मी सांगू शकते. थंड आणि ओले दाणे लागले. दुसरे काही लागले नाही. आणि माझा उजवा हात तिथेच, परातीत, राहिला. तो उचलता येईना. यामना परतली तेव्हा मी मनगटापर्यंत कुसकुसमध्ये हात रोवून बसले होते, आणि माझ्या तोंडाचा एक कोपरा खाली ओढला गेला होता.

“अल्ला, लल्ला,” ती म्हणाली, “हे कोणी केलं.”

ती ‘काय झालं’ असे म्हणाली नाही. मी तिला कधी कधी विचारतेही, की तू आत शिरताना काय पाहिलेस. ती म्हणते, “तुम्हालाच पाहिलं, दुसरं कोण होतं,” आणि सलगम सोलू लागते.

८

मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी फुटली, असे डॉक्टर म्हणतात. या वयात, दुःखात, असे होते. वाचा जवळजवळ पूर्ण परत आली आहे. उजवा हात आला नाही आणि येणार नाही.

“मेजावरच बसा,” यामनाने पहिल्या दिवशी सांगितले. “डाव्यानं खा. मी कुणाला सांगणार आहे?”

“मला कळेल ना,” मी म्हणाले.

नियम माझ्यासाठी निराळा असू शकत नाही. म्हणून माझी बशी वेगळी आहे. मी स्वयंपाकघरात, त्या तीन पायांच्या स्टुलावर, बशी मांडीवर घेऊन डाव्या हाताने जेवते. दाणे सांडतात. मुटका वळत नाही. यामना आत मेजाशी एकटी बसते, कारण मी तिला तसे बजावले आहे, आणि मोठ्याने बोलत राहते, म्हणजे मला एकटे वाटू नये.

“शेजारणीची सून पुन्हा माहेरी गेली, लल्ला. ह्या खेपेला गालिचा पण घेऊन गेली. म्हणजे परत यायची नाही, का गालिच्यासाठी परत बोलावतील, सांगा बघू?”

मी उत्तर देते. मान मात्र वर करत नाही. स्टुलावरून दारातून सरळ पाहिले की मेजापलीकडची, भिंतीकडची जागा दिसते. ती माझी होती. मी तिथून त्रेचाळीस वर्षांपूर्वी आणि त्याआधी कितीतरी दुपारी या स्टुलाकडे पाहिले आहे, आणि तिथून काय काय दिसते ते मला ठाऊक आहे. कोणता हात बशीत आहे ते सर्वांत आधी दिसते.

यामना परात घासायला आणते तेव्हा मी खळगे पाहते. तिचा असतो, रुंद, सांडलेला. दुसरा माझ्या जागेवर असतो. तळापर्यंत स्वच्छ. उजवी भिंत उभी. यामना तो पाहते आणि पाण्याखाली धरते.

गेल्या शुक्रवारी मला राहवले नाही. बशी बाजूला ठेवून मी स्टुलावरूनच विचारले, “बसू का?”

“बसा की,” यामना लगेच म्हणाली, “कोण नको म्हणतंय?”

मी तिला विचारले नव्हते. मी थांबून राहिले. आत परातीत दाणे घसरण्याचा तो बारीक आवाज येत होता, सावकाश, घासामागून घास. आणि माझ्या प्रश्नाबरोबर तो थांबला. कोणी जेवता जेवता हात आवरून समोर पाहावे, तसा.

मी डावा हात मांडीखाली दडपला आणि तशीच बसून राहिले.